निळ्या फाइलचं सहावं पान

किल्ली फुलकुंडीखाली होती, कळवल्याप्रमाणे.
आत टेबलावर फ्रूटकेक, दुधाची बाटली
आणि मिसेस आल्डरसनची निळी फाइल:
प्लास्टिकच्या खिशांत एकेक सहल,
कडेला पेन्सिलीनं त्यांची मतं.
किल्ला, अकरा मैल. "छप्पर उरलेलं नाही. छत्री न्या."
चीजचा कारखाना. "गुरुवारी नको. गुरुवारी नुसत्या फरश्या धुतात."
वाफेची आगगाडी. "मुलांना आवडते. नवऱ्यांना जास्त."
बागेपुढे एवढंच: "चहा चांगला. स्कोन घेऊ नका."

किल्ल्यात सारंगनं विचारलं, इथे कोण हरलं?
कुणालाच माहीत नव्हतं. मेंढ्या होत्या.
आगगाडीतून उतरल्यावर यशोधननं
लगेच पुन्हा तिकिटं काढली, आमची न विचारता.
चीजचा तुकडा चाखून कुमुदआत्या म्हणाल्या, मीठ कमी आहे,
आणि खात्री करायला अजून तीन चाखले.
स्कोन आम्ही घेतले. मिसेस आल्डरसनचं ऐकायला हवं होतं.

सहाव्या पानावर गुहा.
"एकशे अठरा पायऱ्या. गुडघ्यांना विचारून जा."

आत्यांनी एकतीस वर्षं कराडला भूगोल शिकवला.
चुनखडीचा प्रदेश, इयत्ता नववी.
पांढऱ्या खडूनं छत, निळ्या खडूनं थेंब,
वरून उतरतो तो अधोमुखी, खालून चढतो तो ऊर्ध्वमुखी,
सुबक आकृती काढा, नावे द्या, पाच गुण.
खडूही त्याच घराण्यातला, असं दर वर्षी सांगायच्या,
आणि दर वर्षी एखादं पोरगं खडू चाटून बघायचं.
गुहा मात्र पाहिलेली नाही. एकही.

तिकिटाच्या खिडकीशी त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं,
मग स्वतःच्या गुडघ्यांकडे,
मागच्या बाकावरच्या दोन भांडखोर मुलांकडे पाहावं तसं.
"तुम्ही या जाऊन. मी आहे इथे."

खाली गारठा, डोक्याला बोचणारी हेल्मेटं,
गाइड पोरगा एका खांबाला चेटकीण म्हणत होता,
एकाला तळलेलं अंडं.
आम्ही फोटो काढले. चव्वेचाळीस.

वर आत्या बाकावर, मांडीवर पर्स, पर्सवर हात.
चार-पाच फोटो पाहून फोन परत दिला.
"दोन थेंबांमध्ये वेळ किती जातो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
वही घरी विसरलेल्या पोरांसारखं.

रात्री त्या कप विसळत होत्या.
खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती,
तीत बोटानं त्यांनी एक छत काढलं, त्याला एक टोक,
आणि नाव न देताच हात पुसले.

शेवटचा दिवस धबधब्याचा. सातवं पान.
"हा चुकवू नका," खाली दोन रेघा.
सकाळी सारंग बूट घालून दारात.
बारा वर्षांचा, ज्याला एरवी कुठेच जायचं नसतं.
"मी गुहेत चाललोय."

पुन्हा तिकिटं. तोच गाइड, तीच चेटकीण.
घोळका पुढे सरकला, आम्ही दोघं मागे राहिलो,
बोटभर लांबीच्या एका टोकाखाली.
पाणी जमतं. फुगतं. आता पडेल वाटतं,
आणि ते नुसतंच अजून थोडं गोल होतं.
पडतं तेव्हा आवाज इतका लहान
की तो ऐकला की आठवला, सांगता येऊ नये.
एकोणीस, म्हणाला सारंग. मग बावीस. मग परत एकोणीस.
पुढून कुणीतरी हाका मारत होतं.
मी श्वास धरून उभी होते, कधीपासून कोण जाणे.

आत्यांनी आकडे तिकिटाच्या पाठीवर उतरवले,
बेरीज केली, भागाकार केला.
"वीस. बरोबर वीस येतात."
मग सारंगला, वर न बघता:
"एकक लिहायचं राहिलं. अर्धा गुण कमी."

धबधबा राहिला.
निघण्याआधी मी फाइल जागेवर ठेवायला गेले,
सहावं पान उघडंच होतं.
मिसेस आल्डरसनच्या पेन्सिलीखाली
फळ्यावरच्या त्या ठसठशीत देवनागरीत:
वीस सेकंद. गुडघे नाही म्हणाले
तर मोजायला मुलगा पाठवावा.